आपल्या रस्त्यावर बसची राखीव मार्गिका येतेय? हरकत लिहिण्याआधी हे करा

खांबावर नोटीस लागते, तिचा फोटो ग्रुपवर येतो आणि तासाभरात ऐंशी मेसेज पडतात. पार्किंग जाणार, दुकानं बसणार, गल्लीतून गाड्या घुसणार, अँब्युलन्स अडकणार. कुणीतरी पत्राचा मसुदा टाकतं, भराभर सह्या होतात, पत्र जातं आणि महिन्याभराने उत्तर येतं: ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’

आमच्या रस्त्याच्या वेळी मीही याच वाटेने गेलो. चारशेवर सह्या, वर ठळक अक्षरांत ‘तीव्र विरोध’. त्या पत्राचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही. नंतर आम्ही तिघांनी बसून दुसरं पत्र लिहिलं. एकच पान, त्यात तीन जागा, प्रत्येक जागेची वेळ आणि फोटो. त्यातल्या दोन गोष्टी नकाशात बदलून आल्या. काळजीला जागा आणि वेळ जोडली की ती अभियंत्याच्या टेबलावर जाते, नुसती काळजी फाइलला लागते. खाली जे लिहिलंय ते सगळं ही जोडणी कशी करायची याबद्दल आहे.

माझा कल आधीच सांगतो, म्हणजे वाचताना हिशेबात धरता येईल. बसला वेगळी वाट द्यावी असं मला वाटतं. पण वाईट आखलेल्या मार्गिका पुष्कळ असतात, आणि त्या तशा राहतात याचं एक कारण म्हणजे रस्त्यावर रोज वावरणारी माणसं नकाशा न बघताच भांडतात.

आधी प्रकार ओळखा

‘बसची मार्गिका’ म्हणजे एकच गोष्ट नव्हे. नोटीस वाचताना पहिलं हेच शोधा, कारण निम्म्या भीती प्रकारानुसार खऱ्या किंवा खोट्या ठरतात.

पदपथाला लागून रंगवलेली पट्टी ही सगळ्यात साधी. लंडनमध्ये १९६८ पासून अशा मार्गिका आहेत. ही स्वस्त पडते, लवकर होते आणि तितक्याच लवकर निकामीही होते, कारण कडेला गाडी लावणाऱ्यांची, माल उतरवणाऱ्यांची आणि वळणाऱ्यांची जागा तीच असते. एक टेंपो दहा मिनिटं उभा राहिला की त्या दहा मिनिटांपुरती तिथे मार्गिका नसतेच.

दुसरा प्रकार, कडेला पार्किंग तसंच ठेवून त्याच्या रस्त्याकडच्या बाजूने बसची पट्टी. तुमचं मुख्य दुखणं पार्किंग असेल तर हा पर्याय तपासला का, हे विचारायलाच हवं.

तिसरा, रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाला लागून. ब्राझीलमधल्या कुरिचिबात १९७४ पासून बस अशी धावते, दक्षिण कोरियातल्या सोलने २००४ मध्ये आपल्या मोठ्या रस्त्यांवर हेच केलं, अहमदाबादमध्ये २००९ पासून आहे. इथे कडेच्या दुकानांचा आणि बसचा झगडा संपतो, पण थांबा रस्त्याच्या मध्यात जातो आणि दुभाजकातले बरेच कट बंद होतात.

याशिवाय फक्त गर्दीच्या तासांपुरती राखीव पट्टी असते आणि पूर्ण रस्ताच बसला देण्याचाही प्रकार असतो. नोटिशीत तास दिले आहेत का बघा. सकाळी आठ ते अकराची मार्गिका आणि चोवीस तासांची मार्गिका यांत रात्री घरासमोर गाडी लावणाऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ग्रुपवरची निम्मी भांडणं हा एक रकाना वाचला तर थांबतात, असा माझा अनुभव आहे.

नकाशा मागा, चित्र नको

सुरुवातीला लोकांना दाखवतात ते चित्र. निळं आभाळ, भरगच्च झाडं, रस्त्यावर दोन बस आणि तीन हसरी माणसं. त्यावरून काही कळत नाही. लेखी अर्ज करून या चार गोष्टी मागा: मोजमापांसह आराखडा, रस्त्याचे आडवे छेद, प्रत्येक चौकातलं सिग्नलचं वेळापत्रक आणि ज्या वाहनगणनेवर हे सगळं उभं केलंय ती गणना. सरकारी माहिती मागण्याचा कायदा तुमच्याकडे असेल तर त्याच कायद्याखाली मागा, उत्तराला मुदत लागू होते. पण हरकतींची मुदत त्याआधी संपत असेल तर वाट बघत बसू नका, आधी कार्यालयात जाऊन नकाशा बघू द्या म्हणा. बघायला मिळतो बहुतेक वेळा. मोबाइलवर फोटो काढायलाही सहसा कुणी नाही म्हणत नाही.

नकाशा वाचायला अभियंता असावं लागत नाही. कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं असतं. १:५०० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. मोबाइलवर किंवा छोट्या कागदावर छापून घेतलात तर हे प्रमाण बदलतं, तेव्हा नकाशावरचीच मोजपट्टी वापरा.

आडवा छेद म्हणजे रस्ता पावासारखा कापला तर समोर दिसेल ते. पदपथ एवढा, सायकलची पट्टी एवढी, बस एवढी, बाकी वाहनं एवढी. सगळे आकडे एका कागदावर लिहून बेरीज करा आणि जागेवर जाऊन टेप लावा. बसची रुंदी साधारण अडीच मीटर असते, दोन्ही आरसे धरले की तीनच्या जवळ जाते. म्हणून मार्गिका सव्वातीन ते साडेतीन मीटरची ठेवतात. कुठे तीन मीटर दाखवली असेल तर तिथे खूण करा आणि कारण विचारा.

आम्ही टेप लावला त्या सकाळची गोष्ट. छेदात पदपथ दोन मीटर. जागेवर, भिंतीपासून कडेच्या दगडापर्यंत, खरोखरच दोन मीटर भरला. कागद खोटा नव्हता. पण चार पावलं पुढे विजेची पेटी, तिच्या शेजारी झाड, झाडाभोवती कट्टा. पेटी आणि भिंत यांच्यामध्ये टेप ताणला तर ८५ सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीला निदान ९० लागतात. म्हणजे खुर्चीवरचा माणूस तिथे रस्त्यावर उतरणार, आणि उतरणार तो नेमका बसच्या मार्गिकेत. हे कुठल्याही छेदात दिसत नाही, कारण छेद जिथे कापलाय तिथे पेटी नसते. पेटीचा फोटो टेपसकट काढला. आमच्या एका पानावरचा पहिला मुद्दा हाच होता.

‘मार्गिका तर रिकामीच असते’

हा आक्षेप सगळीकडे येतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. तुम्ही गर्दीत अडकलेले असता आणि शेजारची अख्खी पट्टी मोकळी. म्हणून एकदा आकडेमोड करून ठेवा.

१२ मीटर लांबीची बस ताशी २० किलोमीटरने गेली तर तुमच्या डोळ्यांसमोरून साधारण दोन सेकंदांत निघून जाते. मिनिटाला एक बस असेल, म्हणजे सेवा उत्तमच झाली, तरी उरलेले ५८ सेकंद ती पट्टी तुम्हाला रिकामीच दिसणार. त्या एका बसमध्ये चाळीस माणसं धरा. तासाला साठ बस, २,४०० माणसं. अमेरिकेतल्या शहर-वाहतूक अधिकाऱ्यांच्या ‘नॅक्टो’ या संघटनेचे आकडे नियोजनात बरेच वापरतात: खाजगी वाहनांची एक मार्गिका तासाला ६०० ते १,६०० माणसं नेते, बसची राखीव मार्गिका ४,००० ते ८,०००.

आता हीच आकडेमोड उलटी लावा, कारण खरी हरकत तिथे आहे. तुमच्या रस्त्यावर आज तीन मिनिटांनी एक बस येते. तासाला वीस, चाळीस माणसांच्या हिशेबाने ८००. साध्या मार्गिकेतूनही तेवढी माणसं जातातच. मग मार्गिकेमागून बसची संख्या वाढणार आहे का? किती? त्या बस आल्यात, येणार आहेत, की फक्त मनात आहेत? ‘मार्गिका रिकामी राहील’ असं म्हटलंत तर तुम्हाला वरचं गणित ऐकवतील. ‘आज तासाला वीस बस आहेत, मार्गिका सुरू होईल त्या दिवशी किती असतील, ते लेखी द्या’ असं म्हटलंत तर समोरचा वही उघडेल.

काळज्या एकेक करून

गाड्या गल्लीत घुसतील, ही भीती खरी असू शकते. मुख्य रस्त्याची एक पट्टी गेली की नकाशाच्या ॲपला शेजारची शांत गल्ली लगेच सापडते. पण सगळी गर्दी गल्लीत येते असंही नाही. रस्त्यावरची जागा वाहनांकडून काढून घेतली गेली अशा अकरा देशांतल्या सत्तर उदाहरणांचा एक अभ्यास २००२ मध्ये आला. त्यातल्या निम्म्या ठिकाणी आधीच्या वाहनांपैकी ११ टक्क्यांहून जास्त वाहनं नंतर आजूबाजूच्या रस्त्यांवरही सापडली नाहीत. लोकांनी वेळ बदलली, दोन कामं एका फेरीत केली, काहींनी वाहन सोडलं.

न्यूयॉर्कच्या १४व्या रस्त्यावर २०१९ मध्ये हेच भांडण झालं. तिथे मार्गिका नव्हे, दिवसाचा बराच काळ जवळजवळ अख्खा रस्ताच बस आणि ट्रकला दिला गेला. शेजारच्या रस्त्यांवरचे रहिवासी कोर्टात गेले, काम सुमारे तीन महिने लांबलं. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये ते प्रयोग म्हणून सुरू झालं आणि शेजारच्या रस्त्यांवर प्रवासाला किती वेळ लागतो ते मोजत राहिले. बहुतेक रस्त्यांवर फरक थोडाच पडला, आणि २०२० मध्ये व्यवस्था कायम झाली. तिथल्यासारखंच तुमच्याकडे होईल, असं यातून निघत नाही. तिथे खाली मेट्रो होती. पण मागणी करायला एक चांगला नमुना मिळतो: आमच्या गल्लीत आधी मोजा, नंतर मोजा, आणि वाढ अमुक आकड्यावर गेली तर गल्लीच्या तोंडाशी काय करणार ते आजच लिहून द्या. गतिरोधक, एकेरी, फक्त रहिवाशांना प्रवेश, जे काय असेल ते.

दुकानांचं दुखणं सगळ्यात जोरात मांडलं जातं. ते बरंचसं खरंही असतं, पण मांडणी चुकते. दुकानदाराला गाडीने येणारं गिऱ्हाईक लक्षात राहतं, कारण ते दारात उभं राहतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये दुकानदारांना विचारलं तेव्हा त्यांचा अंदाज होता ४१ टक्के गिऱ्हाईक गाडीने येतं, गिऱ्हाइकांना विचारलं तर निघाले २२. तेव्हा ‘धंदा बसेल’ म्हणण्याआधी आपल्याच गिऱ्हाइकाला आठवडाभर विचारा, कसे आलात. मात्र माल उतरवणं हा मुद्दा वेगळा, आणि तो पक्का आहे. गिऱ्हाईक चालत येईल, पन्नास किलोची गोणी येणार नाही. कुठल्या दुकानात, किती वाजता, केवढं वाहन येतं याची यादी करा आणि माल उतरवायची जागा आडगल्लीच्या तोंडाशी किंवा ठरावीक तासांत मागा. ही मागणी मान्य होण्यासारखी असते. ‘पार्किंग वाचवा’ ही बहुधा नसते.

अँब्युलन्सबद्दल उलटच आहे. बहुतेक ठिकाणी अँब्युलन्स आणि अग्निशमनच्या गाडीला बसमार्गिकेतून जायची मुभा असते, त्यामुळे गर्दीत त्यांची वाट मोकळी होते. बघायचं ते एवढंच, की मार्गिकेला कठडा असेल तर मधून बाहेर पडायला जागा किती अंतरावर आहे, आणि इस्पितळाच्या किंवा उंच इमारतीच्या समोर ती आहे का.

दुभाजकातले कट बंद होणं हे कुणी बोलत नाही आणि नंतर रोज बोचतं. तुमच्या गल्लीसमोरचा कट बंद झाला आणि पुढचा यू-टर्न ४०० मीटरवर असेल तर पलीकडच्या दारात यायला ८०० मीटरचा फेरा पडतो. दुचाकीवाला तो फेरा घालणार नाही, उलट्या बाजूने येईल. हे सगळ्यांना माहीत असतं, नकाशाला नसतं. कुठले कट बंद होतायत त्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे फेऱ्याचं अंतर लिहा.

आवाज, धूळ आणि झाडं यांबद्दल थोडक्यात: कुठलं झाड जाणार ते क्रमांकासह विचारा, आणि थांबा कुणाच्या खिडकीखाली येतोय ते बघा.

आता रस्ता ओलांडणं, जे माझ्या मते सगळ्यात मोठं आहे आणि ग्रुपवर सगळ्यात शेवटी येतं.

थांबा मधोमध असेल तर बसला चढणाऱ्या प्रत्येकाला अर्धा रस्ता ओलांडावा लागतो. तसं बघितलं तर कडेच्या थांब्यालाही जाऊन-येऊन एकदा पूर्ण रस्ता ओलांडावाच लागतो, कारण परतीची बस पलीकडे सोडते. बेरीज तेवढीच. फरक असा, की मधल्या थांब्याकडे सगळे एकाच जागी, एकाच वेळी आणि घाईत ओलांडतात. बस समोर दिसत असते.

सिग्नलच्या वेळापत्रकात पादचाऱ्यांच्या हिरव्याचे सेकंद बघा. हिशेब बहुधा सेकंदाला १.२ मीटर चालीचा धरतात. रस्ता १८ मीटरचा असेल तर १५ सेकंद. काठी घेऊन चालणारं माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतं असं धरा, त्याला साडेबावीस लागतात. पंधराव्या सेकंदाला ते अजून सहा मीटर आत असतं. हे घड्याळ लावून करून बघा. आमच्या चौकात एक आजी रोज सकाळी ओलांडतात, त्यांना विचारून त्यांच्याबरोबर चाललो. १९ सेकंद लागले, हिरवा १४ चा होता. शेवटचे पाच सेकंद त्यांनी हात वर करून धरला होता. सवयीने.

दिल्लीचं उदाहरण या बाबतीत बघण्यासारखं आहे. आंबेडकर नगर ते मूलचंद अशी ५.८ किलोमीटरची मधली बसमार्गिका २००८ मध्ये सुरू झाली. थांबे चौकाला लागून होते, सिग्नल लांबले, बसच्या रांगा लागल्या, बाजूला गाड्यांच्या. ती बंद करा म्हणून लोक उच्च न्यायालयात गेले, २०१२ मध्ये न्यायालयाने मागणी फेटाळली. तरी शेवटी २०१६ मध्ये ती उखडली गेली. कोर्टात जिंकलेला रस्ता चौकातल्या आखणीत हरला, असं मी त्याकडे बघतो. तुमच्या नकाशात थांबा सिग्नलच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे म्हणूनच पहिल्या पाच प्रश्नांत ठेवा. पलीकडे असेल तर बस आधी सिग्नल पार करते आणि मग थांबते. मागची बस चौकात अडकणार नाही एवढी लांबी मात्र तिथे लागते. कडेच्या मार्गिकेवर आणखी एक फायदा: लोक थांबलेल्या बसच्या मागून ओलांडतात, पुढून नाही.

मोजणी

दोन माणसं, एक वही, एक घड्याळ. तज्ज्ञ लागत नाही, शिस्त लागते. आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी, सुट्टी किंवा पाऊस नसताना, गर्दीच्या तासात उभे राहा. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार रकाने करा. वाहनं नका मोजू, माणसं मोजा: कारमध्ये किती, दुचाकीवर किती, बसमध्ये अंदाजे किती. बसमध्ये मोजणं जमत नाही, तर चार पायऱ्या ठरवा: सीट रिकाम्या, सीट भरलेल्या, उभे आहेत, दार बंद होत नाही. पायी चालणारे वेगळ्या रकान्यात. तीन दिवस करा, एकाच दिवसाचं कुणी मानत नाही आणि मानू नये.

आणि मोजलेलं तुमच्या विरोधात गेलं तरी फेकू नका. आम्हाला वाटत होतं रस्त्यावर गाड्याच गाड्या आहेत. होत्याच. पण माणसं मोजल्यावर बसमधले आणि पायी चालणारे मिळून निम्म्याच्या पुढे गेले. त्या संध्याकाळी ‘तीव्र विरोध’वाल्या पत्राची थोडी लाजच वाटली.

ज्यांना विचारलंच नाही

रहिवाशांच्या बैठकीत कोण नसतं ते बघा. बसने येऊन तुमच्याच इमारतीत काम करणाऱ्या बाया, थांब्यावर उभी मुलं, रात्रपाळीचे पहारेकरी, भाड्याने राहणारे. बसची वाट सगळ्यात जास्त त्यांचीच आहे. थांब्यावर अर्धा तास उभं राहून विचारा, किती वेळ थांबता, कुठे उतरता, उतरल्यावर कुठून ओलांडता.

बसचालकाला गाठता आलं तर सोनंच. कुठे बस वळवताना मागचं चाक पदपथावर चढतं, कुठल्या चेंबरचं झाकण खचलंय, कुठे रिक्षा आडव्या लागतात, हे त्याला झोपेत माहीत असतं. आम्हाला एका चालकाने सांगितलं, थांब्यापुढचं डांबर बघा. बघितलं तर दोन लांब खळगे, मध्ये उंचवटा. भरलेली बस १६ टनांच्या आसपास जाते आणि रोज त्याच जागी ब्रेक मारते, डांबर सरकतं. थांब्यासमोर काँक्रीट हवं. ही आमच्या पानावरची तिसरी ओळ झाली, आणि ती मान्य झाली.

पत्र

एक मुद्दा, एक परिच्छेद. त्यात चार गोष्टी: जागा, वेळ, काय होईल, काय करावं. नमुना असा (आकडे नमुन्यापुरते):

‘नकाशा क्र. ४ मध्ये दाखवलेला थांबा शाळेच्या फाटकापासून ६ मीटरवर आहे. दुपारी १२:२० ते १२:४० या वेळेत येथील पदपथावर एका वेळी सुमारे ७० मुले व पालक उभे असतात (तीन दिवसांची मोजणी सोबत). पदपथाची मोकळी रुंदी १.४ मीटर आहे. थांब्याची रांग येथेच लागल्यास मुले मार्गिकेत उतरतील. थांबा सिग्नलच्या पलीकडे ४० मीटरवर न्यावा, तेथे पदपथ ३ मीटर आहे.’

बस्स. ‘नागरिकांच्या भावना तीव्र आहेत’ हे वाक्य काढा, ते प्रत्येक पत्रात असतं. मुद्दे पाचाच्या पुढे नेऊ नका. सगळ्यात वजनदार पहिला. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट, आणि प्रत जपून ठेवा. सह्या हव्याच असतील तर सहीपुढे एक रकाना ठेवा: हा रस्ता कसा वापरता. चालत, बसने, गाडीने, दुकान आहे. त्याने सह्यांनाही अर्थ येतो.

मुदत संपली असेल तरी पत्र द्या. निविदा निघेपर्यंत थांब्याची जागा, कट, सिग्नलचे सेकंद बदलता येतात. ठेकेदाराला कामाचा आदेश गेला की तीच गोष्ट ‘वाढीव काम’ होते आणि तिच्यामागे पैशाचा प्रश्न लागतो.

सुनावणीत

प्रत्येकाने सगळं बोलायचं नाही. मुद्दे वाटून घ्या, एकाला एक, दोन मिनिटं. टेपचा फोटो मोठा छापून न्या. रागावलेल्या काकांना थांबवता येत नाही, त्यांना पहिलं बोलू द्या, नंतर तुमचं शांत बोलणं जास्त ऐकलं जातं. अधिकारी ‘बघतो’ म्हणाले तर कधीपर्यंत आणि कोण, हे विचारून तिथेच लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तेच त्यांना पत्राने कळवा: ‘काल ठरल्याप्रमाणे...’

प्रयोगाचा पर्याय पुढे आला तर नाही म्हणू नका. रंग आणि काढता येणारे खांब लावून सहा महिने चालवून बघणं दोन्ही बाजूंना परवडतं. पण दोन अटी आधी ठरवून घ्या: काय मोजणार, आणि कुठला आकडा आला तर काय बदलणार. या अटींविना झालेला प्रयोग नुसता उशीर असतो. आणि मार्गिकेत शिरणाऱ्या वाहनांना अडवणार कोण, कॅमेरा की माणूस, हेही त्याच कागदावर घ्या. कुणीच नसेल तर दोन महिन्यांत त्या लाल पट्टीवर दुचाक्या लागलेल्या दिसतील, आणि अपयश बसच्या नावावर जाईल.

काम सुरू झाल्यावर आणि नंतर

खोदकामाच्या काळात पायी चालणाऱ्यांची वाट कुठून, तात्पुरता थांबा कुठे, हे फलकावर नसेल तर फोटो काढून लगेच कळवा. या दिवसांत पदपथच गिळला जातो आणि लोक गाड्यांमधून चालतात.

सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात मोजू नका. त्या दिवसांत सगळेच चाचपडत असतात, वाहतूक पोलीस दर चौकात असतात, बातमीवाले असतात. तीन महिने जाऊ द्या. मग तीच जागा, तोच वार, तीच वेळ, जमल्यास वहीही तीच. जुन्या रकान्याशेजारी नवा रकाना भरा आणि दोन्हींची प्रत त्याच कार्यालयात द्या. आमच्या चौकात पादचाऱ्यांचा हिरवा आता २० सेकंदांचा आहे. परवा पुन्हा आजींबरोबर ओलांडलो, एक सेकंद उरला. तरीही हात त्यांनी वर धरलाच होता.